बिनपिठाचा केक

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात ठाण्याला आमच्या स्वयंपाकघरात एक केक झाला. त्यात मैदा नव्हता, लोणी नव्हतं, दूध नव्हतं, बेकिंग पावडरही नव्हती. गाजर होतं, बदाम होते, अंडी होती आणि साखर होती. आमच्या नातीनं साहित्याकडे बघून विचारलं, "आजोबा, मग यात केक कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. मला स्वतःला हा केक समजायला बत्तीस वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते मार्च १९९१ मध्ये. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या बँकेच्या एका शाखेत मी अकाउंटंट होतो. मार्च महिना म्हटलं की बँकवाल्याच्या घरात तो नसतोच. जेवणाचा डबा शाखेत, झोप शाखेत आणि भांडणंही शाखेतच. त्यात त्या वर्षी एकतीस मार्च आला रविवारी. आणि गुरुवारी संध्याकाळी आमचे हेड कॅशिअर माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, शनिवार-रविवार मी नाही. किल्ल्यांचा चार्ज आत्ता देऊन जातो."

मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. क्लोजिंगच्या दिवशी हेड कॅशिअर रजेवर! स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांचा एक रुपया कधी कमी-जास्त झाला नव्हता, असा माणूस. पण आवाजात अजिजी नव्हती आणि उद्दामपणाही नव्हता. "आमचा सण आहे," एवढंच ते म्हणाले. त्यांचं आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं. घरात बोलणं आमच्यासारखंच मराठी, वहिनी नऊवारीतल्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या. पण शुक्रवारी दिवस मावळला की त्यांच्या घरी शब्बाथ लागे. ते बेने इस्रायल होते.

अनसाचं भांडं झाकायचा सण

कोकणातल्या या समाजाची कथा रायगडकरांना नवी नाही. फुटलेल्या गलबतातून काही जण नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांचे हे वंशज, अशी परंपरा सांगितली जाते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. सणांचीही नावं मराठीच. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. आणि मार्च-एप्रिलमध्ये येणारा, जगभरचे यहुदी ज्याला पेसाह म्हणतात आणि मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय, तो 'अनाशी ढाकायचा सण'. अनस म्हणजे घरात साठवलेलं आंबट कालवण. आंबलेलं काहीही सणात चालत नाही, म्हणून ते भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं. इतकं घरगुती नाव दुसऱ्या कुठल्या देशातल्या यहुद्यांनी या सणाला दिलं असेल, असं मला वाटत नाही.

सणामागची आठवण अशी की, इजिप्तच्या गुलामीतून त्यांचे पूर्वज इतक्या घाईनं निघाले की भिजवलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. तशीच सपाट भाकरी भाजून घेतली. म्हणून त्या दिवसांत बेखमीर भाकरी खायची. गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक जुना भाऊ, ही पाच धान्यं. यांच्या पिठाला पाणी लागलं की घड्याळ लावायचं. अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे. त्यापुढे गेलं की ते खमीर. असलं खमीर खायचं तर नाहीच, पण घरातही ठेवायचं नाही.

हे सगळं त्या गुरुवारी मला ठाऊक नव्हतं. मला दिसत होता तो फक्त माझा बॅलन्स शीट.

किल्ल्यांचा चार्ज देऊन ते घरी गेले. त्या रात्री, त्यांनी नंतर सांगितलं, मेणबत्ती घेऊन त्यांनी कोपरान् कोपरा पाहिला. फडताळाच्या फटी, मुलांच्या दप्तरांचे तळ, खाटेखाली. पावाचा एखादा तुकडा, कणकेचा एखादा कण राहिलाय का म्हणून. आणि त्याच वेळी मी शाखेत बसून सेव्हिंग्जच्या लेजरमधला सव्वीस पैशांचा फरक शोधत होतो. दोन माणसं, दोन घरं, एकाच रात्री कणाकणाचा हिशोब जुळवत होती. फक्त माझ्या हिशोबाला पगार होता.

एक रुपयाचा व्यवहार

त्याच दुपारी वहिनी आमच्या मागच्या पडवीत आल्या होत्या. बरोबर मुलगा, त्याच्या डोक्यावर गव्हाचा डबा, हातात रवा, मैदा आणि शेवयांची पुडकी. हे सगळं आठवडाभरासाठी आमच्या आईला विकायचं होतं. होय, विकायचंच. खमीर होऊ शकेल असं काही आपल्या मालकीचं राहू नये, म्हणून सणाआधी ते दुसऱ्या धर्माच्या माणसाला रीतसर विकण्याची पद्धत आहे. सण सरला की परत विकत घ्यायचं. हा लुटूपुटूचा खेळ नव्हे. इस्रायलच्या सरकारच्या कोठारांतलं धान्यसुद्धा दरवर्षी असंच कागद करून विकलं जातं. १९९७ पासून पुढे बरीच वर्षं ते विकत घेणारे गृहस्थ म्हणजे जेरुसलेमजवळच्या अबू घोश गावचे एक अरब हॉटेल-व्यवस्थापक.

आईनं एक रुपया दिला. डबा कोठीच्या खोलीत गेला. आई कडक सोवळ्याची, पण कोरड्या धान्याला विटाळ नसतो, त्यामुळे तिची काही हरकत नव्हती. व्यवहार झाल्यावर वहिनींना चहा मिळाला. ओटीवर. निळ्या काठाच्या कपात.

या कपाबद्दल मला सांगितलंच पाहिजे. तो खिडकीच्या कोनाड्यात असे, इतर कपबशांपासून दूर. हेड कॅशिअर येवोत, वहिनी येवोत, कोळणी येवो, कप तोच. चहा झाला की त्यांनीच तो विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. कुणी कुणाला काही बोलत नसे. मी शिकलेला, कथा-कादंबऱ्या लिहिण्याची स्वप्नं बघणारा, समतेवर हिरिरीनं बोलणारा तरुण अधिकारी होतो. आणि तो कप रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

हलवा पायरीवर राहिला

क्लोजिंग पार पडलं. सव्वीस पैसे सापडले. एक एप्रिलच्या संध्याकाळी मी मोठ्या खुशीत हेड कॅशिअरांकडे निघालो. आमच्या सौ.नं मोसमातल्या शेवटच्या लाल गाजरांचा हलवा केला होता. साजूक तूप, खवा, वेलची, सगळं सढळ हातानं. सण आहे, गोड घेऊन जावं, एवढाच विचार.

वहिनींनी दारात हसून स्वागत केलं. डबा पाहिला आणि तो हातातून घेऊन बाहेरच्या पायरीवर ठेवला. आत नेला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, यात पीठ नाही हो. गाजर आणि दूध, बस्स!"

"माहीत आहे भावजी," त्या म्हणाल्या. "पण कढई तीच ना, शिऱ्याची?"

कढई तीच होती. शिवाय त्यांचं जेवण मटणाचं झालेलं, आणि मटणाबरोबर दुधाचं चालत नाही. मी वाद घालू लागलो. नियमाची कलमं वाचून पळवाट शोधणं हा आम्हा बँकवाल्यांचा धर्मच. तेव्हा हेड कॅशिअर शांतपणे म्हणाले, "साहेब, कॅश तुम्ही मोजलीत, बरोबर आली. तरी माझ्या किल्लीशिवाय तिजोरी बंद करता का? माझ्यावर संशय म्हणून दोन किल्ल्या असतात का? तसंच आहे हे."

मी गप्प झालो, पण मनातून दुखावलो. डबा घेऊन घरी आलो आणि आईपाशी कुरकुर केली. वाटलं होतं, आई म्हणेल, काय ही माणसं! आई तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"एवढं कसं कळत नाही तुला? तिचं सोवळं आहे. विचारून न्यावं."

मी तिथेच खाली बसलो. आईला जे एका क्षणात कळलं, ते मला कळलं नव्हतं. आणि आईला जे कधी कळलं नाही, ते मला त्या क्षणी कळलं. माझा हलवा पायरीवर राहिला, तर मला इतकं लागलं. मग वर्षानुवर्षं ओटीवर बसणाऱ्या वहिनींचं काय? त्यांनी माझा डबा पायरीवर ठेवला होता, पण मला आत बोलावून पाटावर बसवलं होतं, खजुराचा घट्ट रस आणि फळं पुढे केली होती. त्या सणाच्या रात्रीचं वाचनच मुळी, हेड कॅशिअर सांगत, भुकेल्याला घरात बोलावून सुरू होतं. नियम त्यांच्याकडेही होता, आमच्याकडेही होता. त्यांच्या नियमानं धान्य दाराबाहेर ठेवलं होतं. आमच्या नियमानं माणूस.

तिसऱ्या दिवशी वहिनी वड्या घेऊन आल्या. गाजर, ओलं खोबरं, साखर आणि आलं. सणासाठी विकत आणलेल्या नव्या पातेल्यात केलेल्या. "अंडं नाही, दूध नाही," त्या आईला म्हणाल्या, "तुम्हाला चालत नसेल तर मुलांना द्या." आईनं वड्या घेतल्या, मुलांना दिल्या आणि स्वतः खाल्ल्या नाहीत. त्या वर्षी गाजराचे दोन पदार्थ दोन घरांतून निघाले आणि ज्या दोन बायकांची एकमेकींवर खरी माया होती, त्या दोघींनीही ते एकमेकींचे चाखले नाहीत.

सण संपल्यावर वहिनी आल्या, एक रुपया परत दिला, गव्हाचा डबा नेला. जाताना ओटीवर चहा झाला. कप तोच. मी घरात होतो. काही बोललो नाही.

अश्दोदहून आलेलं पत्र

जानेवारी १९९२ मध्ये भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. त्यांच्या नातेवाइकांपैकी बहुतेक आधीच तिकडे गेले होते. १९९३ मध्ये हे कुटुंबही गेलं आणि अश्दोद या बंदराच्या शहरात स्थिरावलं. वहिनींची पत्रं येत, शुद्ध अलिबागी मराठीत. एका पत्रात त्यांनी लिहिलं की, इमारतीत वरच्या मजल्यावर एक रुमानियाची म्हातारी राहते, तिनं सणात गाजराच्या वड्या दिल्या आणि त्या खाताना रडू आलं. चव आमच्याच घरची!

पूर्व युरोपातल्या यहुद्यांत या वड्यांना 'इंगबरलाख' म्हणतात. इंगबर म्हणजे आलं. गाजराचा कीस, साखर, सुंठ किंवा आलं, वरून बदाम-अक्रोड. पातेल्यापासून सुटेपर्यंत घोटायचं, ओल्या पाटावर थापायचं आणि शंकरपाळ्यासारखं कापायचं. आपल्या आलेपाकाची नि गाजरवडीची चुलत बहीणच. कारणही सरळ आहे. थंड देशात वसंताच्या तोंडाशी ताजी भाजी कुठली? तळघरात राखलेली कंदमुळं तेवढी हाताशी. त्यातलं गोड म्हणजे गाजर. पीठ वर्ज्य झालं की गोडधोडाची जबाबदारी त्याच्यावर येते.

त्याच म्हातारीनं वहिनींना गाजराचा केक शिकवला. तेव्हा मला कळलं की, फुगण्यावर बंदी नाहीच. बंदी आहे ती धान्य आंबण्यावर. म्हणून या सणाचे केक फुगतात ते अंड्याच्या फेसावर. कोणी भाजलेल्या बेखमीर भाकरीचाच चुरा पिठाऐवजी वापरतात, कारण एकदा भाजलेलं पीठ पुन्हा आंबत नाही. कोणी बदामाची पूड घेतात, कोणी बटाट्याचं सत्त्व. पुन्हा यात घराघराचे भेद. पूर्व युरोपातल्यांच्या परंपरेत तांदूळ, मका आणि डाळीसुद्धा वर्ज्य. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या समितीनं २०१५ मध्ये त्याला मोकळीक दिली, तरी पुष्कळ जण अजून पाळतात. कोकणातल्या बहुतेक घरांत मात्र भात चालतो. भाताशिवाय कोकणी माणूस आठ दिवस काढणार कसा?

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. साबुदाणा, वरी, शिंगाडा, राजगिरा घेऊन आपल्या आया-आज्यांनी उपासाचं अख्खं स्वयंपाकघर उभं केलंच की! एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपण हसतो, पण 'हे नाही' म्हटल्यावर 'मग काय?' हा प्रश्न पडतो आणि त्यातूनच पाककला जन्मते. पुण्यात १८७४ साली या सणाच्या रात्रीचं पुस्तक हिब्रू-मराठीत छापलं गेलं. त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बसून बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. हजारो मैलांवरचा आणि हजारो वर्षांपूर्वीचा प्रसंग, पण बसायची ढब आपल्या घरातली.

वहिनी स्वयंपाकघरात

आई २००४ मध्ये गेली. हेड कॅशिअर त्यानंतर काही वर्षांनी तिकडेच गेले. २०२३ मध्ये वहिनी ठाण्याला भावाकडे आल्या, नेमका सणाचा आठवडा. ठाण्यात १८७९ सालचं सिनेगॉग आहे, समाजाची बरीच घरं आहेत. मी फोन केला. या वेळी आधी विचारलं.

"वहिनी, तुम्हाला आमच्याकडे काही खाता येईल असं काय करू?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "केक करू या. मी येते. पण भावजी, काम आहे हं."

काम होतंच. ओव्हन घासून लखलखीत केला, एक अख्खा दिवस वापरला नाही, मग तासभर सर्वांत जास्त आचेवर रिकामा तापवला. केकचं भांडं, वाडगे, किसणी, चमचे, अंडी फेटायचं यंत्र, मिक्सरचं भांडं सगळं नवं कोरं. बदाम अख्खे आणले, दळलेले नकोत. पिठीसाखरेत मक्याचं पीठ असतं म्हणून साधी साखर. रविवारी नऊ एप्रिलला सकाळी वहिनी आल्या. वय चौऱ्याहत्तर, हातात काठी. थेट स्वयंपाकघरात आल्या. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच स्वयंपाकघरात येत होत्या, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण उंबऱ्याशी त्या क्षणभर थांबल्या.

आता कृती. सालीसकट पाव किलो बदाम बारीक दळून घ्यावेत. पाव किलो केशरी गाजर बारीक किसून हलक्या हातानं पिळावं. हलव्याचं लाल गाजर इथे नको, त्याला पाणी फार सुटतं. पाच अंडी. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्यायचं, हाही त्यांचा नियम. बलक आणि पांढरं वेगळं करावं. बलकात दोनशे ग्रॅम साखरेपैकी तीन चतुर्थांश घालून फिकट पिवळं होईतो फेटावं. त्यात एका लिंबाची किसलेली साल, चमचाभर रस, चमचाभर दालचिनी, गाजर, बदाम आणि दोन मोठे चमचे बटाट्याचं सत्त्व मिसळावं. पांढऱ्याचा उरलेल्या साखरेसह घट्ट फेस करून तो तीन वेळा थोडा थोडा करून, खालून वर असा, हळुवार कालवावा. इथे घाई केली की केक बसला. नऊ इंची भांड्याला तेल लावून तळाशी कागद घालावा, मैद्याऐवजी बदामाची पूड भुरभुरावी. एकशे सत्तर अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. सुई कोरडी निघाली की झाला. भांड्यातच निवू द्यावा, गरम असताना काढायला जाल तर मोडेल. लोणी-दूध नसल्यामुळे मटणाच्या जेवणावरही चालतो.

फेस नातीनं केला, गाजर मी किसलं, सौ.नं बदाम दळले. ओव्हनचं बटण मात्र वहिनींनीच लावलं. विस्तवाला आपल्यातल्या कुणाचा तरी हात लागावा लागतो, त्या म्हणाल्या. नातीला हे फार आवडलं.

केक भाजला जात असताना घरभर दालचिनीचा वास सुटला. आम्ही स्वयंपाकघरातच टेबलाभोवती बसलो होतो. वहिनी एकदम म्हणाल्या, "तो निळ्या काठाचा कप आहे का हो अजून?"

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. कप नव्हता. अलिबागचं घर आवरताना तो मीच टाकला होता, कागदात गुंडाळून, कुणाला न दाखवता. मी तसं सांगितलं. आणि जे १९९१ मध्ये सांगायला हवं होतं, तेही कसंबसं सांगितलं. आईला दोष देणं सोपं होतं. तिचं वय, तिचे संस्कार. पण त्या घराचं भाडं मी भरत होतो, चहा-साखर मी आणत होतो. तो कप उचलून इतर कपांत ठेवायला एक मिनिट पुरलं असतं. ते मी केलं नाही.

वहिनींनी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. "आम्ही घरी जाऊन बोलायचो त्यावर," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, साहेब एक दिवस बोलतील." मग काठीवर हात ठेवून ओव्हनच्या काचेतून आत बघत राहिल्या.

ते वाक्य मी त्या दिवसापासून बरोबर वागवतो आहे. सव्वीस पैशांचा फरक शोधायला रात्र जागवणारा माणूस मी. हा फरक मात्र वर्षानुवर्षं पुढे ओढत राहिलो.

केक निवाला. वहिनींनी स्वतः कापला, पहिला तुकडा नातीला दिला, दुसरा मला. मग स्वतः एक घास घेतला आणि सावकाश चावला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "पण गाजर फार पिळलंत, भावजी. पुढच्या वर्षी जरा ओलं राहू द्या."

नातीनं ते वहीत लिहून ठेवलं आहे.